परक्याचा जीव

आजचे वाचन : निर्गम २३:९ आणि अनुवाद २४:६-१५
(सोबत निर्गमाचा पहिला अध्यायही वाचावा)



आजचे वचन एका ओळीचे आहे. रोजच्या वाचनात आपण अशी ओळ ओलांडून पुढे जातो. देव इस्राएलाला बजावतो की परक्याला छळायचे नाही, आणि त्याचे कारणही सांगतो. परक्याच्या जिवाची अवस्था काय असते ते मिसर देशात तुम्ही स्वतः भोगलेले आहे. बस, एवढेच.

हे वचन कुठे आले आहे तेही बघा. त्याच्या आधी सगळ्या न्यायालयाच्या गोष्टी आहेत. खोटी साक्ष देऊ नका, लाच घेऊ नका, गर्दीच्या मागे जाऊन न्याय वाकवू नका. मध्येच शत्रूचा चुकलेला बैल दिसला तर तो परत नेऊन द्या असे आहे, आणि मग हा परका येतो. म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रात परक्याचा विषय दानधर्माच्या खात्यात मांडलेला नाही. तो न्यायाच्या खात्यात मांडलेला आहे. आपण मात्र तो उचलून नाताळच्या कपडेवाटपात नेऊन ठेवतो!

इथे मूळ इब्री भाषेत जो शब्द आहे तो 'नेफेश'. भाषांतरात कुठे 'आत्मा' येतो, कुठे 'मन', कुठे 'भावना'. मला विचाराल तर मराठीतला 'जीव' हाच शब्द त्याला सगळ्यात जवळचा. नेफेश म्हणजे श्वास, गळा, भूक, प्राण, सगळे एकत्र. आपणही म्हणतो ना, जीव खालीवर होतोय, जीव टांगणीला लागलाय, जीव मुठीत धरून बसलोय. परक्या देशात, दारावर कोणाची थाप पडेल या भीतीत राहणाऱ्या माणसाचे वर्णन करायला वेगळे शब्द शोधायची गरजच नाही.

आता अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात या. तिथे सहाव्या वचनात देव सांगतो की कर्जदाराचे जाते, किंवा जात्याची वरची तळी, गहाण म्हणून घेऊ नका. कारण तसे करणे म्हणजे त्याचा जीवच गहाण घेणे. आणि इथेही तोच शब्द आहे, नेफेश.

ज्यांच्या घरी पहाटे जाते फिरलेले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. जात्याची वरची तळी काढून नेली तर घरात फार काही हलत नाही. भिंती तशाच, चूल तशीच, खालची तळीसुद्धा जागच्या जागी. फक्त उद्या पीठ नाही. घरातले कमावते माणूस उचलून नेतात तेव्हा हेच होते.

मी हे एका गावाकडे बघून लिहितो आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यात पोस्टव्हिल नावाचे छोटे गाव आहे, २००८ साली लोकवस्ती सव्वादोन हजारांच्या आसपास होती. सभोवार मक्याची शेते. गावात ॲग्रिप्रोसेसर्स नावाचा मोठा कत्तलखाना होता, यहुदी लोकांच्या नियमांप्रमाणे कोशर मांस तयार करणारा. तिथे काम करणारे बहुतेक ग्वाटेमालाच्या डोंगराळ खेड्यांतून आलेले होते, काही मेक्सिकोचे. १२ मे २००८, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास हेलिकॉप्टर घोंगावू लागले, शेकडो सरकारी अधिकाऱ्यांनी कारखाना घेरला आणि ३८९ जणांना पकडले. त्यांत अल्पवयीनही होते. सव्वादोन हजारांच्या गावातून एका सकाळी जवळजवळ चारशे माणसे! आपल्याकडच्या एखाद्या गावाचा हिशोब करून बघा, म्हणजे अंदाज येईल.

या लोकांना वॉटर्लू शहरात नेले. तिथे जनावरांची प्रदर्शने भरवायचे एक मैदान आहे, तिथल्या इमारतींत त्यांना कोंडले. शेजारच्या नाचाच्या सभागृहात न्यायालय थाटले. दहा-दहा जणांच्या रांगा हातापायांत आणि कमरेला साखळ्या घालून न्यायाधीशापुढे आणल्या जात. दोन आठवड्यांच्या आत सुमारे तीनशे जणांनी गुन्हा कबूल केला होता आणि त्यांतल्या बहुतेकांना पाच महिन्यांची कैद सुनावली गेली होती. तिथे एरिक कामायद-फ्रेशास नावाचे प्राध्यापक दुभाषी म्हणून गेले होते. दुभाषाने तोंड मिटून काम करायचे असते. पण जे पाहिले ते त्यांनी लिहून काढले आणि पुढे अमेरिकेच्या संसदेच्या समितीसमोर जाऊन सांगितले. पकडलेल्यांपैकी कितीतरी जणांना आपल्यावर नेमका आरोप काय आहे तेच कळत नव्हते. अनेकांची मातृभाषा माया लोकांची बोली; स्पॅनिशसुद्धा त्यांना परकीच. सोशल सिक्युरिटी नंबर म्हणजे काय हेही काहींना ठाऊक नव्हते. कारखान्यात काम मिळावे म्हणून कोणीतरी कागद भरून दिला होता, एवढेच त्यांना माहीत. आणि खटला लढवायचा तर जामिनाशिवाय महिनोन् महिने तुरुंगात बसा. कबूल करा, म्हणजे पाच महिन्यांत सुटून मायदेशी रवाना. घरी पोरे उपाशी असलेला बाप यांतले काय निवडेल?

आता त्या दिवशी गावात काय झाले ते पाहू. संध्याकाळ व्हायच्या आत सेंट ब्रिजेट या कॅथलिक चर्चमध्ये माणसे येऊ लागली. बायका, लहान मुले, कामावर नव्हते म्हणून वाचलेले पुरुष. शेकडो. तिथे सिस्टर मेरी मॅकॉली चर्चचा कारभार पाहत होत्या. त्यांनी निरोप दिला की ज्यांना भीती वाटते त्यांनी चर्चमध्ये यावे. लोक बाकांवर झोपले, जमिनीवर झोपले, आणि दिवसेंदिवस तिथेच राहिले. फादर पॉल ओडरकर्क निवृत्त झाले होते, ते परत कामावर आले. दुसऱ्या दिवशी शाळेत जवळजवळ निम्मी मुले नव्हती. चाळीसेक आयांना मुले सांभाळायची म्हणून सोडले, पण घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून. त्यांना काम करायची परवानगी नाही आणि गाव सोडून जायचीही नाही. नवरा तुरुंगात, घरभाडे थकलेले, पायात पट्टा. मग महिनोन् महिने त्यांचे भाडे, त्यांचे धान्य, त्यांची विजेची बिले चर्चने भरली.

अनुवादाच्या त्याच अध्यायात दहावे-अकरावे वचन आहे. गहाण घ्यायला जाल तेव्हा कर्जदाराच्या घरात शिरू नका, बाहेर उभे राहा, तो स्वतः वस्तू बाहेर आणून देईल. किती बारीक नियम आहे हा! घेणेकऱ्याचा हक्क देव नाकारत नाही. पैसे दिलेत, गहाण मागायचा अधिकार तुमचाच. पण उंबरठा ओलांडायचा नाही, कारण उंबऱ्याच्या आत त्या माणसाची अब्रू आहे, त्याची बायकापोरे बघत आहेत. आणि पुढे चौदावे-पंधरावे वचन : मजूर तुमच्या भावांपैकी असो वा तुमच्या गावातला परका असो, त्याची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. इथे पुन्हा नेफेश. एकाच अध्यायात तीनदा.

या सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग पुढेच आहे. २०१७ साली साथरोगशास्त्राच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास छापून आला. पोस्टव्हिलच्या धाडीनंतरच्या ३७ आठवड्यांत संपूर्ण आयोवा राज्यात जन्मलेली बाळे त्यांनी तपासली आणि आदल्या वर्षीच्या त्याच काळाशी ताडून पाहिली. लॅटिन अमेरिकी वंशाच्या आयांची बाळे कमी वजनाची जन्मण्याचा धोका २४ टक्क्यांनी वाढलेला होता. गोऱ्या आयांच्या बाळांत असा फरक नव्हता. आणि लक्षात घ्या, हे फक्त पोस्टव्हिलमधले नाही, फक्त कागदपत्रे नसलेल्या बायकांचेही नाही. अमेरिकेतच जन्मलेल्या, त्या देशाच्या पक्क्या नागरिक असलेल्या लॅटिना आयांच्या बाळांचेही वजन घटले. धाड शंभर मैलांवर पडली आणि भीती गर्भापर्यंत पोहोचली. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका दिवस गेलेल्या बाईसमोर वाईट बातमी काढू देत नाहीत. त्या वेड्या नव्हत्या.

आता निर्गमाचा पहिला अध्याय उघडा. नवा फारो येतो आणि म्हणतो, हे लोक फार वाढलेत. त्याची भीती आपण अर्धीच वाचतो. ते शत्रूला मिळतील ही एक भीती. पण दहाव्या वचनाच्या शेवटी दुसरीही आहे, की ते देश सोडून निघून जातील. म्हणजे फारोला ही माणसे नकोत, पण त्यांचे हात हवेत. विटा हव्यात, पिथोम आणि रामसेस नगरे हवीत, वीट थापणारा मात्र वाढता कामा नये, त्याला पोर होता कामा नये. पोस्टव्हिलच्या कारखान्याला ते हात वर्षानुवर्षे चालले. स्वस्त मांस खाणाऱ्यांना चालले. २००८ च्या नोव्हेंबरात त्या कंपनीने दिवाळे काढले, दुकाने बंद पडली, भाड्याची घरे ओस पडली, तेव्हा गावाला कळले की हे परके गावाच्या जात्याची वरची तळी होते.

फारोचा हुकूम सगळ्यात आधी कोणी मोडला? शिप्रा आणि पुवा या सुइणींनी. गर्भापर्यंत आलेल्या भीतीला पहिल्यांदा अडवले ते बाळंतपण करणाऱ्या दोन बायकांनी. त्या फारोचे नाव पवित्र शास्त्राने लिहून ठेवले नाही, सुइणींची नावे मात्र ठेवली.

इथे काही जण रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय काढतील हे मला माहीत आहे. अधिकाऱ्यांच्या अधीन असा, असे पौल सांगतो. खरे आहे, मी ते वचन फाडून टाकत नाही. देशाला सीमा असते, सीमेवर विचारायचा हक्क असतो. आणि दुसऱ्याचा नंबर वापरला तर त्या दुसऱ्या माणसाला त्रास होऊ शकतो, हे नाकारण्यात अर्थ नाही; तोही कोणाचा तरी बाप आहे. पण पौलाचा तो अध्याय सातव्या वचनाला संपत नाही. दहाव्यापर्यंत वाचा. प्रीती शेजाऱ्याचे वाईट करत नाही, म्हणून प्रीती हीच नियमशास्त्राची पूर्तता, असा तिथला आशय आहे. म्हणजे कायद्याला विचारायचा प्रश्नही पौलानेच दिला आहे : यात शेजाऱ्याचे काय होते?

आणि कायद्याचेच म्हणाल तर ही गोष्ट ऐका. पोस्टव्हिलच्या लोकांपुढे ज्या आरोपाची भीती उभी केली होती, म्हणजे दुसऱ्याची ओळख चोरल्याचा गंभीर गुन्हा, त्याबद्दल ४ मे २००९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. तो नंबर खरोखर दुसऱ्या कोणाचा आहे हे आरोपीला ठाऊक होते असे सिद्ध केल्याशिवाय हा गुन्हा लागूच होत नाही. निकाल वेगळ्याच एका मजुराच्या खटल्यात लागला. तोपर्यंत वॉटर्लूच्या सभागृहात उभे केलेले लोक शिक्षा भोगून ग्वाटेमालाला रवाना झालेले होते. जाते परत द्यायला आला, पण घराला कुलूप.

बरे, हे सतरा-अठरा वर्षांपूर्वीचे म्हणून सोडून द्यावे तर तेही नाही. ७ ऑगस्ट २०१९ रोजी मिसिसिपी राज्यातल्या कोंबड्यांच्या सात कारखान्यांवर एकाच दिवशी धाड पडून ६८० जणांना पकडले गेले. तिथल्या काही मुलांचा तो शाळेचा पहिला दिवस होता. २०११ पासून चर्च, शाळा, रुग्णालये अशा जागी सहसा धरपकड करू नये असा एक सरकारी दंडक होता. जानेवारी २०२५ मध्ये तो काढून टाकला गेला. त्याच वर्षी जुलैत कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो धर्मप्रांताच्या बिशप अल्बर्टो रोहास यांनी लेखी कळवले की ज्यांना पकडले जाण्याची भीती आहे त्यांना रविवारच्या मिस्साची सक्ती नाही. थांबून विचार करा. लोकांनी उपासनेला यावे म्हणून आपण घरोघर फिरतो, निरोप पाठवतो. आणि इथे एक मेंढपाळ कळपाला सांगतो की, बाबांनो, येऊ नका, प्रभू समजून घेईल. त्यांच्या जागी असतो तर मीही हेच सांगितले असते. पण ते पत्र लिहिताना त्यांचा हात जड झाला असेल.

आता आपल्याकडे. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यात परत पाठवलेले १०४ भारतीय होते, बेड्या घालून आणलेले. बहुतेक हरियाणा, गुजरात, पंजाबचे. तिघे महाराष्ट्राचेही होते. त्या दिवशी टीव्हीसमोर बसून किती जण म्हणाले, "कशाला गेले होते चोरवाटेने?" प्रश्न चूक नाही. पण जमीन विकून दलालाला पैसे दिलेल्या घराला हा प्रश्न आपण किती जोरात विचारतो, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना किती हळू करतो!

तुमच्यापैकी काही जण न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये बसून हे वाचता. तुमचे म्हणणे असते, आम्ही रीतसर आलो, व्हिसाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभे राहिलो, आम्हांला यांच्यात धरू नका. तुमचे कष्ट खरे आहेत. तरी अनुवादाचा सव्विसावा अध्याय एकदा वाचा. पहिल्या पिकाची टोपली घेऊन इस्राएली माणूस वेदीपुढे येतो तेव्हा त्याने काय बोलायचे ते देवाने ठरवून दिले आहे. जमीन त्याची आहे, पीक त्याचे आहे, सगळे स्थिरस्थावर झाले आहे. आणि तरीही बोलायला सुरुवात करायची ती आपला पूर्वज भटका अरामी होता इथून. टोपली भरलेली असतानाच हे म्हणायचे आहे.

आणि आपण जे इथेच आहोत, कुठे गेलोच नाही, आपले काय? २०२५ च्या जूनमध्ये मुंबईच्या परिसरातून बांगलादेशी समजून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारताचे नागरिक निघाले, मग त्यांना परत आणावे लागले. त्यांची भाषा ऐकून कोणाला तरी संशय आला होता. आपल्या इमारती बांधणारे, फरशी बसवणारे, रंग मारणारे हे लोक. एखाद्या रात्री शेजारच्या बांधकामावरची सगळी झोपडी रिकामी झाली, तर आपल्या लक्षात कधी येईल? सकाळी, की काम अडल्यावर?

सिस्टर मॅकॉलींनी त्या सोमवारी काही मोठा सिद्धांत मांडला नाही. दार उघडे ठेवले आणि तसा निरोप दिला. त्याच २००८ च्या जुलैत पोस्टव्हिलच्या रस्त्यावर कॅथलिक आणि यहुदी बांधव एकत्र चालले, तेही त्या बायकांना पुढे घेऊन. कारखाना यहुदी मालकाचा होता, तरी यहुदी धर्मगुरू आले. निर्गमाचे हे वचन आधी त्यांना दिलेले आहे, आणि त्यांतल्या काहींना ते आठवले.

या आठवड्यात एवढे करा. तुमच्या मंडळीच्या आवारात, गल्लीत, कामाच्या जागी जो कोणी दुसरी भाषा बोलणारा आहे त्याचे नाव विचारून घ्या. गाव कोणते, घरी कोण आहे, मुले शाळेत जातात का, तेही विचारा. त्याची मजुरी थकली असेल तर ती सूर्य मावळायच्या आत द्या, हिशोब नंतर करा.

प्रार्थना :

हे प्रभू येशू, तुला कुशीत घेऊन मरीया आणि योसेफ रात्रीच मिसर देशाला निघाले, तेव्हा कोणत्या तरी गावाने तुला आसरा दिला. त्या गावाचे नाव आम्हांला ठाऊक नाही. आज ज्यांच्या दारावरच्या प्रत्येक थापेने जीव घाबरा होतो त्यांच्याजवळ राहा. शाळेतून येऊन कुलूप पाहणाऱ्या मुलांना कोणी तरी हात धरून घरी नेवो. पोटातल्या बाळांना राख. पकडणाऱ्यांनाही आठवू दे की त्यांच्याही घरी लेकरे वाट पाहत आहेत. आणि परक्याची थाप आमच्या दारावर पडली तर आम्हांला झोपेतून उठव. आमेन.

उद्याचे वाचन : निर्गम २३:१०-१३